पुलावरून पहिला कोण

निसीमकाका रोहेकर मांडवातल्या खुर्चीत बसले होते. हातात माईक, डोळ्यांत झोप. सकाळी पेणहून सुटलेल्या सायकली गडब, कासू करत, कोलाडचा वळसा मारून आता पुलाकडे येत होत्या. त्यांतला पहिला कोण, ते काकांनी सांगावं म्हणून अख्खा रोहा उन्हात ताटकळत होता.

काकांचा अंदाज कधी चुकला नव्हता. सायकली दिसायच्या आधीच ते नाव घेत आणि तेच चाक चुन्याच्या रेघेवरून आधी जाई. एका वर्षी त्यांनी पेणलाच नाव सांगून टाकलं, तर म्हणे निम्मे सायकलवाले नागोठण्यात मिसळ खाऊन घरी गेले. इथवर ठीक होतं. पण शर्यत वर्षातून एकदा आणि लोकांना प्रश्न बारा महिने. गाय कधी विणार, पोरगा पास होणार का, सगळ्याला काका. एकदा त्यांनी माशी हाकलायला मान हलवली, तर शेजारच्या अष्टमी गावातलं एक ठरलेलं लग्न मोडलं. गेल्या वर्षी त्यांनी तापाचं सोंग घेऊन पाहिलं. चौघांनी खाटेसकट उचलून मांडवात आणलं.

एकदा चुकलो की सुटलो, असं त्यांच्या फार मनात येई. पण दिसत असलेलं सोडून भलतंच बोलायला जीभ वळत नसे.

कनात वर करून कासूची काशीबाई आत आली. तिचा प्रविण एका कंपनीच्या टीममधून सायकल मारायचा.

"निसीमभाव, एक मागनं हाय."

"बोल गो."

"माज्या प्रविणचं नाव घ्या भोंग्यावर. एकदाच."

"अगो, तो जिंकायला कुठं येतो? त्याच्याच टीमच्या त्या साहिलला आपल्या मागं वाऱ्याच्या आडोशानं इथवर आणायचं, रेघेअलीकडचं पिवळं कापड आलं की आपण बाजूला व्हायचं. मग साहिल सुटतो. तेच त्याचं काम हाय."

"ठावं हाय. इतकी वर्सं बाजूलाच होतोय. सोमवारपास्नं सायकल बंद, शिफ्टला जानार. पन त्याचं नाव कोनी घेतलंच नाय."

"खोटं ठरंल ना."

"ठरू दे. तुमचं काय जातंय?"

काकांनी माईक मांडीवर ठेवला. खरंच, काय जात होतं? जात होतं ते जावं म्हणूनच तर ते झुरत होते. स्वतःसाठी जी चूक करवत नव्हती, ती दुसऱ्यासाठी करायला काही हरकत दिसेना.

पुलाजवळच्या भोंग्यापाशी उभ्या असलेल्या पोपट मांडववाल्यानं हात केला. आले.

काकांनी माईक तोंडाशी धरला. "पहिला येनार प्रविण. कासूचा प्रविण."

पोपट पळत मांडवात आला. "काका, साहिल म्हनायचंय काय?"

"प्रविण," काका म्हणाले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

पण कर्णे पुलापर्यंत बांधलेले होते आणि सायकलवाल्यांनाही कान होते. तोवर सगळ्यांची नजर साहिलच्या मागच्या चाकावर होती. काकांचा शब्द पडला तसे सगळे साहिलला सोडून प्रविणच्या मागे चिकटले. खुद्द साहिलसुद्धा.

प्रविणनंही ऐकलं होतं. पण त्याच्या पायांना एकच ठाऊक होतं. पिवळं कापड आलं, तो डावीकडे झाला. सगळे डावीकडे झाले. त्यानं पायडल थांबवलं, सगळ्यांनी थांबवलं.

"अरे, जा की," तो मागे वळून म्हणाला.

"तुमीच जा, प्रविणदा," साहिल म्हणाला. "काका बोललेत."

तो उजवीकडे गेला. बदकांची रांग वळावी तशी अख्खी शर्यत उजवीकडे आली. वेग इतका उतरला की एक कुत्रं त्यांना मागे टाकून गेलं, आणि ते काही घाईत नव्हतं. प्रविणच्या मांड्या थरथरत होत्या. कोलाडपुढे रेल्वेच्या कामाची लाल धूळ खाल्ली होती, ती घशात बसली होती. कोणीतरी एकदा ही रेघ ओलांडल्याशिवाय खाली बसायला मिळणार नाही, एवढंच त्याला कळलं. चक्कीवरून दळण आणावं तशा चालीनं तो रेघेवरून गेला. बाकीचे मागून, शिस्तीत.

मग ढोल वाजले. पहिला हार काकांच्या गळ्यात पडला, दुसरा प्रविणच्या. एका बाईनं आपलं शेंबडं पोर काकांच्या पुढ्यात उभं केलं, "याच्या दहावीचं सांगा." तिच्यामागे आणखी एक जण पाडी घेऊन उभा होता. शर्यतीच्या उद्याच्या महाडच्या टप्प्यात पहिला कोण, ते विचारायला शर्यत भरवणारे मुंबईचे टोपीवाले जीपमधून उतरत होते. काशीबाईला यातलं काही दिसत नव्हतं. ती भोंग्याखाली मान वर करून उभी होती, नाव परत येतंय का ते ऐकत.

प्रविण सायकल तशीच आडवी टाकून काकांच्या खुर्चीशेजारी मातीत बसला.

"काका," तो म्हणाला, "मी बाजूला झालो होतो."

काकांनी गळ्यातला हार काढून गुडघ्यावर ठेवला. समोरची रांग आता पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"मी बी, बाबा," ते म्हणाले.