हिरवा टाका

टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या बंद खोलीच्या तपकिरी पडद्याला हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. त्या रफूचा अर्थ काय, यावर तिच्या नवऱ्याने तीन आठवड्यांत दोन वह्या भरल्या. "हिरवा म्हणजे मत्सर," तो मित्रांना फोनवर समजावून सांगे.

ती शिवणकाम करायची, आणि डावखुरी होती. तिचे टाके उलट्या अंगाला कलत. टीव्हीतलेही तसेच कललेले होते.

"अहो, ते टाके माझे आहेत," ती म्हणाली. "आपल्या सोफ्यामागचाच पडदा तो. तपकिरी रीळ संपलं म्हणून मी हिरवा दोरा घातला होता."

"चर्चा कसली चाललीये, आणि तुझं घोडं रिळापाशी अडलंय. आपल्या पडद्याला रफू आहेच कुठे?"

अकरा वर्षं तो त्या पडद्याकडे पाठ करून बसत होता.

रविवारी दुपारी नवा भाग लागला. ती त्याला खेटून बसली. त्याने एकदा मागे वळून बघावं, एवढंच तिला हवं होतं.

टीव्हीत कोणीतरी कात्रीने हिरवे टाके एकेक करून उसवले. कात्रीचा तोच आवाज तिच्या मानेमागेही आला. मग कॅमेरा त्या भोकाला लागला. पलीकडे एक पाठमोरा सोफा होता. त्यावर एक माणूस वहीत काहीतरी लिहीत होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

तिने नवऱ्याचा लिहिता हात घट्ट धरला. त्याचं अक्षर जराही हललं नाही.

"रिकामी जागा," तो लिहिता लिहिता पुटपुटला, "म्हणजे त्याला कधी कोणी नव्हतंच."