नदीत सोडलेली हलगी

"ही घरात कुणी आणली?"

हिरामण आबांनी हळूच विचारलं. त्यांच्या कॉटवर हलगी पालथी पडली होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती लावायची राहिली होती, काडेपेटी तशीच हातात होती.

"मी," राजसी म्हणाली. "महिनाभर मैत्रिणीकडे ठेवत होते. आज कार्यक्रम आहे, म्हणून आणली."

"मला माहीत नव्हतं."

"सांगितलं नव्हतं, आबा."

दाराशी धर्मेश उभा होता, पाठीवर गिटार. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याच्या वडिलांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. त्या दुकानाच्या माळ्यावर दोघांची तालीम चालायची. राजसीला न्यायला तो स्कूटर घेऊन बुवापाड्यापर्यंत आला होता आणि घरात शिरावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"अंकल, ब्लूज आहे," तो मध्येच म्हणाला. "अमेरिकेचं म्युझिक. एकदम कडक गाते ही."

"अमेरिकेत हलगी वाजवतात?"

"नाही, म्हणजे... तू बोल ना यार."

"अमेरिकेचं नाही, आबा. मूळ आफ्रिकेतलं," राजसी म्हणाली. "तिकडची माणसं पकडून, साखळ्या घालून जहाजांतून नेली. दुसऱ्याच्या शेतात राबायला. त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गेली. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, अशी गाणी. ढोलही होते त्यांचे. मालक घाबरले. हे ढोलावरून एकमेकांना निरोप देतील आणि उठाव करतील, म्हणून बऱ्याच ठिकाणी ढोलावर बंदी घातली."

"मग?" आबांच्या तोंडून निघून गेलं.

"मग टाळ्या वाजवल्या. पाय आपटले. मांडीवर, छातीवर ताल धरला. ढोल गेला, ताल नाही सोडला. ब्लूज त्यातूनच पुढे आलं."

आबांनी काडी ओढली, मेणबत्ती लावली आणि हात जोडून क्षणभर थांबले. मग वळले.

"त्यांचे ढोल मालकानं काढून घेतले," ते म्हणाले. "आपल्या हातात हलगी मालकानंच दिली होती. एवढा फरक आहे, पोरी. लगीन असो की मयत, बोलावणं आलं की माझ्या बापानं जायचं. उन्हात वाजवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी हलगी नदीत सोडली. गाव अंगावर आलं. म्हणाले, आता वाजवणार कोण? बाप म्हणाला, तुमाला हात हायेत की."

धर्मेश हसला आणि लगेच गप्प झाला.

"आता ती तू परत घरात आणलीस," आबा म्हणाले. "विहारात लोक मला विचारतील. हिरामण, नात फिरून तिथंच गेली का रे?"

"मलाच विचारू दे. मी येते की दर पौर्णिमेला."

"आपलेच बोलतील. ते जास्त लागतं."

"लागू दे." राजसीचा आवाज चढला, मग तिनंच तो आवरला. "आबा, पणजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हलगी सोडली. मला सोय आहे. मला कुणाचं बोलावणं आलेलं नाही. गाणं माझं आहे, मी लिहिलंय. तुम्ही नको म्हणालात तरी मी वाजवीन. पण आता लपवून नाही. तुम्हाला सांगून जाईन."

भिंतीकडे सरकून आबांनी तिला वाट करून दिली. ही परवानगी होती की राग, ते राजसीला कळेना.

धर्मेशचा फोन वाजला. "साउंडवाला बोलावतोय. चल ना, जल्दी."

राजसीनं हलगी उचलली, पट्टा खांद्यावर घेतला.

"कशी वाजवणार?" आबांनी विचारलं.

"अशीच. उभ्यानं. हलगी उभ्यानंच वाजवतात ना."

"आणि हा?"

"मी बसतो, अंकल," धर्मेश म्हणाला. "खुर्चीवर. स्टेजवर माझी खुर्ची आणि हिचा उंच माइक, तसंच सेटिंग सांगितलंय."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले. भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. ते बाहेर आले ते स्वयंपाकघरातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ती पुसली आणि राजसीपुढे ठेवली.

"अंकल, हॉलमध्ये खूप खुर्च्या आहेत."

"त्या बघायला आलेल्यांच्या. ही हिची." ते राजसीकडे वळले. "माझा बाप उभ्यानं वाजवायचा आणि लोक बसून ऐकायचे. तू बसून वाजव. कुणी सांगितलं तरी उठायचं नाही."

"माइक खाली घ्यावा लागेल," धर्मेश पुटपुटला.

"घे की मग."

स्कूटर गल्लीतून निघाली. गिटार धर्मेशच्या पायांपाशी, हलगी राजसीच्या खांद्याला, आणि खुर्ची तिनं एका हातानं उलटी डोक्यावर धरलेली. नळावरच्या बायका बघायला लागल्या. विठाकाकूनं हंडा खाली ठेवला.

"राजसे, खुर्ची घेऊन कुठं गं निघालीस?"

राजसीनं धर्मेशला स्कूटर थांबवायला लावली. आबा दारात उभे होते. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हलगी वाजवायला, काकू."