धुतलेली बरणी

प्रागहून एका दिवसात जाऊन येण्याची सहल ओताकार जिन्यात मुद्दाम मोठ्याने सांगत होता: सकाळी किल्ला, दुपारी जंगलात अळंबी, रात्री घरी. त्या जंगलापलीकडची सीमा सरकारने नागरिकांवरील अपार मायेपोटी काटेरी तारांनी बंद केली होती. तारांतल्या फटीबद्दल तो अर्थातच बोलला नाही.

"अळंबीत माझा वाटा ठेवा हं!" शेजारच्या झेलेनकोवाबाई म्हणाल्या.

"ठेवते की, बाई!" म्हणत त्याच्या बायकोने, मिलाडाने, कायमचे निघताना कुणाचे काही आपल्याकडे राहू नये म्हणून, त्यांची मुरंब्याची बरणी घासूनपुसून परत केली.

"अगं बाई, इतक्या वर्षांनी आज बरी आठवली!"

&nbsp;

संध्याकाळी तारांजवळच्या चौकीत दोघांना आणून बसवले, तेव्हा ती बरणी टेबलावर आधीच येऊन बसली होती.