रात्रपाळीचा माणूस

"नातेवाइकांची गर्दी म्हणजे रुग्णांच्या जिवाला धोका! तपासणीच्या वेळी एक जरी दिसला, तर याद राखा," अधीक्षक गरजले. हेडनर्स लुझविमिंदाने निमूटपणे वॉर्ड मोकळा केला आणि मनिलाहून आलेल्या तपासनिसांना फिरवून दाखवला.

एका खाटेशी ते थबकले. व्हेंटिलेटर बंद पडलेला, आणि कर्मचाऱ्यांच्या हिरव्या गणवेशातला एक जण हाताने रबरी फुगा दाबून म्हाताऱ्याला श्वास देत होता. साहेब आले तरी पठ्ठ्याने मान वर केली नाही.

"याला म्हणतात रुग्णसुरक्षा!" तपासनीस खूश झाले. "असाच एक माणूस रात्रपाळीलाही नेमा."

 

"रात्री याची बहीण असते, सर," लुझविमिंदा म्हणाली. "बाप दोघांचाही आहे ना!"