दोन प्रोग्रॅमची जोडणी

मिरवणुकीचं गाणं संध्याकाळपर्यंत उदगीरला पोचवायचं होतं, अन् उमाशंकरच्या कॉम्प्युटरवरचे दोन प्रोग्रॅम सकाळपासून जुळेनात. ढोलाचे ठोके बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रेघा नाचत होत्या, पण गाणं रेकॉर्ड करणाऱ्या दुसऱ्यात त्यांचा आवाज पोचतच नव्हता.

"काल तूच हात लावलास ना याला?" म्हणत त्यानं धाकट्या भावाला, सोमेशला, खुर्चीवरून खाली ओढलं, लाथ घातली अन् दोन्ही तळहात त्याच्या दोन्ही कानांवर एकदमच हाणले.

"आईची आण अण्णा, म्या काईच केलं न्हाई!" कानांवर दाबून धरलेल्या सोमेशच्या बोटांतून रक्त ओघळलं. तसाच तो टेबलाखाली शिरून वायरी चाचपू लागला.

दात खात उमाशंकर पडद्याकडे वळला. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ढोलाच्या पट्टीवरचं म्यूटचं, आवाज बंद करायचं बटण दाबलेलं होतं. सकाळी शेजारच्या खोलीत आई लिंगपूजेला बसली तेव्हा ते त्यानंच दाबलं होतं, रोजच्यासारखं.

त्यानं ते काढलं. ढोल असे कडाडले की खोली दणाणून गेली.

 

टेबलाखालून सोमेश रडवेल्या सुरात म्हणाला, "मारू नको अण्णा, वायरी समद्या नीट हायत... तरी आवाज कसा काय येईना?"