सामानाकडे लक्ष
"आई, तू सावलीत बस, सामानाकडे लक्ष दे," असं सांगून मुलगा, सून आणि नात नावेतून फिरायला गेली. नदीकाठच्या बागेत त्यांनी कालच तंबू ठोकला होता. तेव्हापासून आजीच्या वाट्याला हेच काम आलं होतं. तीस वर्षं तिने तलावावर पोरांना पोहायला शिकवलं होतं; या मुलालाही पहिल्यांदा पाण्यात तिनेच उतरवलं होतं. आता तोच म्हणायचा, "या वयात नदी नको." तासाभराने ती उठली, चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. समोरच्या काठाला हात लावून परतली, तेव्हा तिघंही तंबूपाशी उभी होती. "सामान सोडून कुठे गेली होतीस?" मुलगा ओरडला. सुनेने बॅगा मोजल्या. आजीच्या केसांतून निथळणारं पाणी फक्त नातीला दिसलं. "बाबा, आजीला पोहता येतं?" बॅगेची चेन लावत तो म्हणाला, "पूर्वी यायचं."