रेवाला खाली पाठवा

टिपणीसकाका नवा चेंडू देऊन गेले आणि वृंदाच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली. सोसायटीचे हेच सेक्रेटरी पूर्वी मुलांचे चेंडू जप्त करायचे. आता वृंदाला रोज तिच्या लेकीबद्दल विचारत, “रेवा खाली दिसली नाही आज?” मुलं दमून बसली की समोरच्या देशमानेवहिनी गॅलरीतून ओरडत, “पळा रे, अजून एक डाव!” आणि वर लाडूही देत.

मैदानात पावलांच्या दाबानं वीज तयार करणाऱ्या नव्या फरशा बसल्यापासून मुलांच्या धावण्यावरच इमारतीतले दिवे-पंखे चालत होते. मुलांच्या तब्येतीसाठीच हे, असं मीटिंगमध्ये सगळे म्हणाले होते. वृंदाला त्यातला एकही चेहरा खरा वाटला नव्हता.

या आठवड्यात तापाची साथ आली. मैदानात दोनच मुलं उरली आणि घराघरातले पंखे मंदावले. रेवाही फणफणून झोपली होती. वृंदानं दाराला आतून कडी घातली. आता कुणी बोलवायला आलंच, तर ती चांगलं सुनावणार होती.

आतल्या खोलीत नवऱ्याचा एसी बंद पडला. हेमंत बाहेर आला आणि रेवाच्या उशाशी उभा राहिला.

“उतरलाय गं ताप,” तो म्हणाला. “थोडी खेळली तर बरंच वाटेल तिला.”

त्यानं तिच्या कपाळाला हातही लावला नव्हता. त्याच्या हातात तिचे बूट होते.